अकरा वाजताचे दोन ग्लास

मास्तर: नुसता वास घ्या हो, सिस्टर. झाकण मी उघडतो, तुम्ही नाक तेवढं पुढे करा.

सिस्टर: मास्तर, डबा खाली ठेवा. आणि हा दुसरा कुणाचा? एकतीस नंबर... हा तर तुमच्या साडूंचा. तो तुमच्या पिशवीत कसा?

मास्तर: दोन्ही आणलेत. चौदा माझा, एकतीस त्याचा. यातला सोयाबीनचा कुठला आणि दुधाच्या पावडरीचा कुठला, तेवढं सांगा. मी लगेच उठतो.

सिस्टर: हे तुम्ही पहिल्या दिवशीही विचारलं होतंत. तेव्हा सांगितलं, आताही सांगते. मला माहीत नाही.

मास्तर: असं कसं? डबे तर तुम्हीच देता.

सिस्टर: मी नंबर बघून देते. कुणाच्या डब्यात काय आहे याची यादी भलत्याच गावी एका कपाटात कुलूपबंद आहे. डॉक्टरांनासुद्धा ठाऊक नाही. ठाऊक असतं तर सोयावाल्यांचे रिपोर्ट आम्ही जरा जास्तच आशेने वाचले असते. म्हणून मुद्दाम ही आंधळी कोशिंबीर. अभ्यास संपला की यादी उघडायची.

मास्तर: कधी संपतोय?

सिस्टर: तुमचे नऊ महिने झाले. अजून सव्वा वर्ष.

मास्तर: सव्वा वर्ष मी काढू कसं?

सिस्टर: आधी बसा. त्या वजनकाट्यावर नका टेकू, खुर्चीवर बसा. झालंय काय? तुमचा रिपोर्ट तर उत्तम आहे. रक्तातला कॅन्सरचा आकडा शून्याला टेकलेला. प्रोस्टेट काढलेल्या माणसाचा असाच असावा.

मास्तर: माझा उत्तम आहे, तिथेच तर सगळा घोळ आहे. बटण्याचा, आमच्या साडूचा, चढलाय.

सिस्टर: त्यांच्या रिपोर्टबद्दल मी तुमच्याशी बोलायचं नसतं.

मास्तर: तुम्ही नका बोलू, त्यानेच सांगितलं. काल संध्याकाळी फोन आला त्याला. मशीनवरून उठलासुद्धा नाही. पँटची तुरपाई करता करता म्हणाला, ‘मास्तर, पाहुणा परत आलाय.’ मला वाटलं खरंच कुणी पाहुणा. म्हटलं, मग जा की घरी. तर हसला. त्या हसण्यावरून मला कळलं.

सिस्टर: वाईट वाटलं मला. खरंच. पण ते आज डॉक्टरांकडे येतायत ना, पुढचं सगळं ठरेल. तुम्ही हे डबे घेऊन का आलात?

मास्तर: तेच सांगतोय. दुकानात आम्ही अकराला थांबतो. एकेचाळीस वर्षांचा शिरस्ता आहे. माझी कात्री खाली, त्याचं मशीन बंद. आधी चहा असायचा, ऑपरेशनं झाल्यापासून तुमची पावडर. त्याचे हात तेलाचे, धाग्यात गुंतलेले, म्हणून दोन्ही ग्लास मीच कालवतो. तुमचाच मोजायचा चमचा, काठोकाठ, वरून पट्टी फिरवून सपाट. गुठळी राहू देत नाही.

सिस्टर: अशी माणसं सगळ्या अभ्यासांना मिळोत. मग?

मास्तर: पहिल्या आठवड्यात मी दोन्ही चाखले.

सिस्टर: दोन्ही? का?

मास्तर: राहवेना म्हणून. अहो, ताग्यावर हात फिरवून सुती कुठलं आणि भेसळीचं कुठलं ते मी डोळे मिटून सांगतो. म्हटलं, जिभेला एवढं जमणार नाही? चौदाला कच्च्या शेंगांचा उग्र वास. एकतीस गोडसर, गुळगुळीत. मनाशी म्हटलं, झालं, ठरलं. खरी पावडर माझ्या वाट्याला आलीय, आणि त्या बिचाऱ्याला नुसतं दूध.

सिस्टर: मास्तर, पुढचं मला ऐकायचं नाहीये.

मास्तर: मी ग्लास बदलले.

सिस्टर: किती दिवस?

मास्तर: त्या दिवसापासून कालपर्यंत.

सिस्टर: देवा! अहो, दर भेटीला मी तुम्हाला विचारते, रोज घेता ना? आणि तुम्ही मान डोलावता!

मास्तर: घेत होतोच की. कुणाची घेता, असं कधी विचारलंत?

सिस्टर: आता मीच वेंधळी! दोघांची नऊ महिन्यांची पानं बाद. सहाशे माणसं आहेत या अभ्यासात. सहाशेंमध्ये असा शहाणपणा करणारे तुम्ही एकटेच.

मास्तर: ओरडा. मला बरं वाटतंय. कालपासून कुणीतरी ओरडावं असंच वाटत होतं.

सिस्टर: का केलंत पण? मला नीट कळू दे.

मास्तर: माझी गाठ मधोमध होती. त्याच्या कागदावर लिहिलं होतं, कडेपर्यंत पोचलेली. जो कपडा जास्त विरलाय त्याला अस्तर आधी लावायचं. एवढं साधं होतं ते, सिस्टर. सतरा वर्षांचा असताना माझ्याकडे काज-बटण करायला आला, म्हणून बटण्या. आता अठ्ठावन्नचा आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीसाठी हे स्थळ मीच सुचवलं. सासूबाई तयार नव्हत्या. त्यांच्यासमोर मी छाती ठोकून म्हटलं, मुलाची जबाबदारी माझी.

सिस्टर: ती लग्नापुरती होती.

मास्तर: अशी काही मुदत ठरली नव्हती.

सिस्टर: बरं. तुम्हाला खरी वाटली ती पावडर तुम्ही त्यांना दिलीत. मग आता घोळ कसला?

मास्तर: काल तो घरी गेल्यावर मी परत दोन्ही चाखले. तेव्हा तुमचं बोलणं आठवलं. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, कुणाला ओळखता येऊ नये म्हणून दोन्हीत चव आणि वास घातलाय. म्हणजे तो शेंगांचा वास दुधाच्या पावडरीला मुद्दाम लावलेला असू शकतो. हो ना?

सिस्टर: असू शकतो.

मास्तर: मग माझ्या जिभेने दगा दिला असेल तर? तर नऊ महिने मी त्याच्या तोंडचं काढून स्वतः प्यायलो. पट्टी फिरवून, माप घेऊन प्यायलो. माझा शून्य, त्याचा वर. आकडे तर तेच सांगतायत.

सिस्टर: दोन माणसांचे आकडे काहीही सांगत नाहीत. मास्तर, माझ्याकडे बघा. जिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सोयाबीन खातात तिथे हा आजार कमी दिसतो, म्हणून कुणाला तरी वाटलं, बघावं विचारून. आम्ही अजून विचारतोच आहोत. उत्तर ‘नाही’ असंसुद्धा येईल. गुण येतोच अशी खात्री असती, तर निम्म्या लोकांना दूध पाजत बसायला आम्ही काय कसाई आहोत?

मास्तर: पण येतही असेल.

सिस्टर: त्यांची गाठ कडेपर्यंत होती. अशी गाठ परत येऊ शकते, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. त्यामुळेच आली असण्याची शक्यता जास्त.

मास्तर: शक्यतेवर मी कधी कात्री चालवली नाही, सिस्टर.

सिस्टर: चालवलीत की. नऊ महिने.

मास्तर: ...बरोबर बोललात.

सिस्टर: सॉरी. मला तसं टोचायचं नव्हतं. पिशवीत अजून काय वाजतंय?

मास्तर: काही नाही. बाटली आहे.

सिस्टर: दाखवा. ...सोयाच्या गोळ्या? हे कुणी दिलं?

मास्तर: औषधाच्या दुकानात मिळतात. म्हटलं, आजपासून त्याला दुप्पट चालू करू. राहिलेलं भरून निघेल.

सिस्टर: इकडे द्या ती बाटली. अहो, उसवलेली शिवण आहे का ती, वरून दुसरी घालायला? आता त्यांचे उपचार सुरू होतील. डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातली एकही गोळी त्यांच्या पोटात जाता कामा नये. कळलं?

मास्तर: कळलं. काय करतील त्याला?

सिस्टर: ते डॉक्टर सांगतील. पण अशा वेळी बहुतेकदा रेडिएशन देतात, शेक म्हणा. आकडा लहान असतानाच सापडला तर पुष्कळांना चांगला गुण येतो. ते शक्यतेवर नाही बोलत मी, ते माहीत असलेलं आहे. दुसरं म्हणजे, हे सगळं मला लिहून वर पाठवावं लागेल. तुमच्या तपासण्या थांबणार नाहीत, पण पावडर बंद. आणि तिसरं, त्यांना हे कळायला हवं.

मास्तर: तुम्ही सांगा ना.

सिस्टर: मी नाही. ग्लास मी नाही बदलले.

मास्तर: त्याला सांगायचं कोणत्या तोंडाने? त्या तोंडाने कालपासून घास घेतलेला नाही.

बटण्या: येऊ का, सिस्टर? डॉक्टरांकडे अजून चार माणसं आहेत माझ्या पुढे... अरेच्चा, मास्तर! तुम्ही बटणं आणायला गेला होतात ना? दुकानाला कुलूप! ते वकीलसाहेब कोटासाठी दाराशी उभे राहून मला फोन करतायत.

मास्तर: राहू देत उभे.

बटण्या: वकिलांना? तब्येत बरी आहे ना तुमची? आणि हे काय, दोघांचे डबे? जमा करायचे होते का आज?

सिस्टर: बसा, काका. मास्तरांना तुमच्याशी बोलायचंय. मी बाहेर थांबू का?

मास्तर: नका जाऊ. तुम्ही असलात तर मी माघार घेणार नाही. बटण्या, बस.

बटण्या: बसलो.

मास्तर: अकराचे ग्लास मी बदलत होतो. माझा तुला, तुझा मला. पहिल्यापासून.

बटण्या: कशासाठी?

मास्तर: मला वाटलं खरी पावडर माझ्या डब्यात आहे.

बटण्या: आणि आता काय वाटतं?

मास्तर: आता वाटतं, तुझ्या डब्यात होती. तुझ्या वाटची मी प्यायलो. सिस्टर म्हणतात तसं नसेल. पण असेलही. कुणीच सांगू शकत नाही.

बटण्या: असं.

मास्तर: बोल काहीतरी.

बटण्या: काय बोलू? एकेचाळीस वर्षं तुम्ही बेतताय आणि मी शिवतोय. इथे का कापलंत, तिथे का सोडलंत, असं एकदा तरी विचारलं मी? कापड तुमच्या हातात, ते ठीकच आहे. पण मी कापड आहे का हो, मास्तर?

मास्तर: नाही.

बटण्या: मला विचारायचंत.

मास्तर: विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.

बटण्या: म्हणालोच असतो! तुमचं औषध तुमच्या तोंडातून काढून मी पिऊ? काय समजता मला?

मास्तर: म्हणूनच नाही विचारलं.

बटण्या: ...या माणसाशी भांडायचं कसं, सांगा सिस्टर.

मास्तर: चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं, ते चुकलंच. आणि माप चुकलं असेल तर ते मी कशाने भरून देऊ? बिघडलेला कोट नवा शिवून देता येतो. तुझ्या बायकोकडे बघायची हिंमत होत नाही मला. सकाळी तिचा फोन आला, मी घेतलाच नाही.

बटण्या: तुमच्या घरून ताई सांगत होत्या तुमच्याबद्दल. रात्री ताट सारलंत, सकाळी चहासुद्धा नाही घेतला. मला वाटलं माझ्या आजाराचं दुःख झालंय. म्हणजे ते हे होतं तर.

मास्तर: तुझ्या तोंडचं काढून वर मी जेवत बसू?

बटण्या: मग आता सांगावंच लागेल. सिस्टर, तुम्ही कान बंद करा, तुम्हालाही राग येणार आहे. मास्तर, मी ती पावडर प्यायलोच नाही.

मास्तर: काय?

बटण्या: नाही प्यायलो. त्या वासाने मला मळमळायचं. पहिले दोन-तीन दिवस नाक दाबून घेतली, मग सोडली. तुम्ही ग्लास द्यायचात, मी मशीनशेजारी ठेवायचो. तुम्ही गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वळलात की मागच्या बेसिनमध्ये.

मास्तर: खोटं. तुझ्या मिशीला पांढरं लागलेलं असायचं. मी बघायचो.

बटण्या: ते मिशी बुडवून. नाहीतर तुम्ही सोडणार होतात का?

मास्तर: नऊ महिने?

बटण्या: सुट्ट्या सोडून.

मास्तर: अरे नालायका! मी गुठळ्या मोडत बसायचो चमच्याने! मनगट दुखायचं माझं!

बटण्या: ते वाया गेलं, मान्य आहे. पण हेही बघा ना. तुम्ही मला माझाच डबा दिला असतात तरी तो बेसिनमध्येच गेला असता. तुमच्या अदलाबदलीने माझ्यात काडीचा फरक पडलेला नाही. त्या पाइपला मात्र आता जन्मात कॅन्सर व्हायचा नाही.

मास्तर: विनोद सुचतोय तुला! डॉक्टरांनी दिलेलं, सही करून घेतलेलं, आणि हा मोरीत ओततोय! लहान आहेस का तू? तुझ्या मुलीने असं केलं असतं तर तिचा कान पिळला असतास!

बटण्या: पिळा. हा घ्या कान.

मास्तर: मी इथे काल दुपारपासून उपाशी! मेलो असतो म्हणजे कळलं असतं!

बटण्या: मग खाऊन या काहीतरी. खाली कँटीन आहे.

मास्तर: जातोच. तुझं तोंडसुद्धा बघवत नाही मला. चांगलं पोटभर खातो आणि तुझ्यासाठी काही म्हणजे काही आणत नाही!

बटण्या: बिस्किटं आणा. गोड नकोत.

(मास्तर दार आपटून जातात. डबे टेबलावरच राहतात.)

सिस्टर: केवढ्याने आपटलं! पलीकडे रक्त घेणं चाललंय.

बटण्या: आपटू दे. किती दिवसांनी असा आवाज लागला त्यांचा. रागावले की दोन घास जास्त जेवतात, पहिल्यापासूनचं आहे. मनाला लावून घेतलं की मात्र संपलं.

सिस्टर: काका, तेरा वर्षं मी हे काम करते. औषध टाकून देणारी माणसं पुष्कळ पाहिलीत. ती सांगताना माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघतात. तुम्ही मास्तरांच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलंत.

बटण्या: खिडकीकडे बघायला हवं होतं का? पुढच्या वेळी लक्षात ठेवीन.

सिस्टर: प्यायलात ना?

बटण्या: थेंब न् थेंब. घाण, कडवट, घशाला चिकटणारी. तळाला साका राहायचा, तोही बोटाने पुसून. एवढं नीट कालवलेलं टाकवतं का हो कुणाला? समोर उभे राहायचे, ग्लास रिकामा होईपर्यंत. वर विचारायचे, ‘बरं वाटतंय का रे?’ एका ग्लासाने बरं वाटायला ती काय दारू होती? पण मी म्हणायचो, वाटतंय.

सिस्टर: मग हे असं का सांगितलंत?

बटण्या: माझा आकडा चढला, त्याला तुमच्याकडे डॉक्टर आहेत, मशीन आहे, महिना-दीड महिना शेक आहे. काहीतरी करता येईल. त्यांच्या मनात हे एकदा बसलं, तर त्यावर कुठलं मशीन आहे तुमच्याकडे? सव्वा वर्षाने ती यादी उघडणार. तोवर रोज अकरा वाजता तो माणूस माझ्याकडे बघत बसणार. मला आता कुणीतरी रागावणारं हवंय, सिस्टर. रडवेलं नको.

सिस्टर: भीती वाटते?

बटण्या: खूप. काल सुईत दोरा ओवायला चार वेळा लागल्या. घरी हिला सांगितलंय, मुलीची परीक्षा होईपर्यंत तिला नाही सांगणार. मास्तरांना मी हसत हसत सांगितलं खरं, पण त्याआधी ट्रायल रूममध्ये जाऊन, पडदा ओढून, बसलो होतो जरा.

सिस्टर: घ्या, टिपा डोळे. टेबलावरचे कागद भिजवू नका तेवढे.

बटण्या: कागदावर काय लिहाल?

सिस्टर: जे खरं आहे ते. चौदा नंबर, रोज घेतली. मला खोटं लिहिता येत नाही.

बटण्या: लिहा की. कागदाला खरं सांगायला माझी हरकत नाही. तो त्यांना दिसू नये, एवढंच.

सिस्टर: तुमचा कागद तुमच्या परवानगीशिवाय मी कुणालाच दाखवत नाही. अजून शिव्या देत असतील का खाली?

बटण्या: नाही, येतायत. चप्पल घासण्यावरून सांगतो.

मास्तर: हं, धर. गोड नाहीत, खारी आहेत. आणि अर्धी मीच खाल्ली.

बटण्या: अजून काय खाल्लंत?

मास्तर: तुला काय करायचंय? दोन टोस्ट आणि ऑम्लेट. ...बाहेर तुझा नंबर आलाय. बटण्या, डॉक्टरांकडे आत मीही येऊ का? विचारतोय.

बटण्या: या की. मी काय एकटा जाणार होतो?

मास्तर: आणि हे बघ. जिना चढताना माझ्या डोक्यात आलं. मला बरं वाटावं म्हणून तर तू हे बेसिनचं रचलं नाहीस ना?

बटण्या: तेवढी अक्कल असती तर मी मास्तर झालो असतो आणि तुम्ही बटण्या.

मास्तर: हसण्यावारी नेऊ नकोस. एकदाही नाही प्यायलास?

बटण्या: सांगितलं ना. ते पहिले दोन-तीन दिवस सोडले तर एकदाही नाही.

मास्तर: घे माझी शपथ.

बटण्या: तुमची कशाला, मास्तर? माझी घेतो. माझ्या गळ्याची शपथ, एक घोटसुद्धा नाही.